मागचा उजवा शाफ्ट

सलोनी : उंदीर मेलाय. सांगते तुला, माळ्यावर कुठेतरी उंदीर मेलाय.

प्रितेश : चौथ्या मजल्यावर उंदीर कसला? खालच्या गटाराचा वास आहे. गोखिवऱ्यात हे नेहमीचंच.

सलोनी : गटाराचा वास मला कळतो. हा वेगळा आहे. मी आठवडाभर माहेरी काय गेले, घराचं काय करून ठेवलंस? फ्रिजमध्ये काही नासलं का?

प्रितेश : नाही गं. आत्ता तर आलीस. बस जरा, मी चहा टाकतो.

सलोनी : या वासात चहा कसा जाणार घशाखाली? ते स्टूल दे इकडे.

प्रितेश : वर काही नाहीये, सलोनी. मी बघितलं.

सलोनी : मग वाट का अडवतोयस? सरक. धर स्टूल नीट. हे काय, माझ्या रिमोटच्या गाडीची बॅग इथे कशी? ती तर पलंगाखाली असते.

प्रितेश : सांगणार होतो मी तुला. जेवणं झाल्यावर.

सलोनी : शी! शी शी शी! प्रितेश, काय भरलंयस या बॅगेत?

प्रितेश : काही भरलं नाही, गाडीच आहे. दे, मी गॅलरीत नेतो. चेन उघडू नकोस इथे.

सलोनी : नाकाला ओढणी बांधू दे आधी. चल. कागद अंथर. दोन-तीन अंथर, एकाने भागणार नाही. ईऽऽ! हे तर ओलं आहे अजून.

प्रितेश : समुद्राचं पाणी लागलं जरासं. आणि मागचा उजवा शाफ्ट गेलाय, ते चाक फिरतच नाही. उद्या तुझ्या माहेरी गासला, त्या रुडॉल्फच्या शेतावर गाड्यांची रेस आहे ना, म्हटलं तू आलीस की बदलून देशील. तुझ्या हाताला सवय आहे. माझ्याकडून ती पिन निघता निघत नाही.

सलोनी : माझी गाडी नेलीस, ती कुणाला विचारून?

प्रितेश : माझ्या गाडीची मोटर बसलीय. तुझी पळते झक्कास. आणि आपल्यात तुझं-माझं कधीपासून?

सलोनी : कुठे नेली होतीस?

प्रितेश : हेच आपलं, नेहमीसारखं. रॅम्पवरून उडी मारली, एका चाकावर पडली, शाफ्ट तुटला. होतं असं.

सलोनी : फोनवर म्हणालास, रुडॉल्फच्या शेतावर जातोय, वेळ झाला तर तुमच्या घरी डोकावतो. त्याच्या शेतात समुद्राचं पाणी कुठून आलं?

प्रितेश : आधी तिकडेच जाणार होतो. मग ऑफिसचे लोक निघाले राजोडीला, समुद्रावर. आमचे मॅनेजरसाहेब स्वतः आले होते. रिसॉर्ट बुक केलेलं. म्हणाले, प्रितेश, तू त्याच भागातला ना, ये, आणि तुझी ती गाडी आण दाखवायला. नाही कसं म्हणणार?

सलोनी : हातमोजे दे. जुना टूथब्रशही दे. आणि ते हे... नोजप्लायर. चाक काढते आधी. याच्या आत काय थापलंय? चिखल आहे?

प्रितेश : शेवाळ असेल.

सलोनी : शेवाळाला डोळे असतात?

प्रितेश : म्हणजे?

सलोनी : जवळ ये. लांबून काय बघतोस? वाक. हे काळे टिपके दिसतात? हे डोळे आहेत. हा जवळा आहे, प्रितेश. कुटलेला, सडलेला जवळा. चाकाच्या हबमध्ये गेलाय, बेअरिंगमध्ये गेलाय, शाफ्टचं टोक बसतं त्या डिफच्या कपात गच्च बसलाय. एवढा गाडीत आहे, तर वाळूवर किती चिरडला असेल?

प्रितेश : किनाऱ्यावर पडलेला असतो गं इकडेतिकडे.

सलोनी : मी गासची आहे. मला नको शिकवू किनाऱ्यावर काय पडलेलं असतं ते. जवळा पडलेला नसतो. सुकायला पसरलेला असतो. जाळं अंथरून त्यावर पसरतात, कुणीतरी बाई दिवसभर उन्हात बसून राखते. कावळे हाकलते, कुत्री हाकलते.

प्रितेश : चुकून गेली गाडी. कडेने चालली होती, वळताना जरा आत गेली.

सलोनी : चुकून गेलेल्या गाडीला एवढा लागत नाही. सरक, उजेड अडवू नकोस. ही पिन आली बाहेर. आता हब खाली पाडते, आणि... हं. हा शाफ्टचा एक तुकडा. दुसरा कपात अडकलाय. हा दोरा कसला? आतडं ओढावं तसा निघतोय, संपतच नाही.

प्रितेश : शी!

सलोनी : तुला शी वाटतंय? बोटं माझी आहेत त्यात. नायलॉनचा दोरा. जाळ्याचा. निम्मा शाफ्टभोवती गुंडाळलाय. आणि हे टोक बघ, तुटलेलं नाही. सरळ कापलंय.

प्रितेश : गाडी सुटत नव्हती. एकाकडे कटर होता.

सलोनी : जाळं कापलंत?

प्रितेश : एवढंसंच.

सलोनी : हा शाफ्टचा तुकडा उजेडात धर. काय दिसतं?

प्रितेश : तुटलाय.

सलोनी : कसा तुटलाय? उडी मारून पडलेल्या गाडीचा शाफ्ट वाकतो, नाहीतर कपातून निसटतो. आपल्या दोघांच्या गाड्यांचे किती वाकलेत, तुला माहितेय. याला पीळ पडलाय. धुताना कपडे पिळावेत तसा. पोलादी आहे हा, प्लास्टिकचा असता तर समजले असते. चाक जाळ्यात अडकलं, थांबलं, आणि मोटर आपली फिरवतेच आहे, फिरवतेच आहे. तेव्हा असा पीळ पडतो.

प्रितेश : बरं मग?

सलोनी : मोटर आपण होऊन फिरत नाही. ट्रिगरवर बोट कुणाचं होतं?

प्रितेश : माझंच. तुला काय म्हणायचंय?

सलोनी : बाई कुठे होती?

प्रितेश : कोण बाई?

सलोनी : जवळा राखणारी. तिथे बाई असणार. असतेच. कुठे होती ती?

प्रितेश : होती तिथेच. म्हातारी होती एक. झाडू घेऊन आली धावत. काय बोलत होती ते वाऱ्यात कळत नव्हतं. सगळे हसायला लागले. मुद्दाम नाही हसले, सिच्युएशनच तशी होती. छोटीशी गाडी आणि मागे झाडू घेऊन...

सलोनी : मग?

प्रितेश : साहेब म्हणाले, तिच्याभोवती एक राऊंड मार. मी मारला.

सलोनी : एकच?

प्रितेश : मोजले नाहीत मी.

सलोनी : ती जाळ्यावर उभी, आणि तू तिच्याभोवती गाडी फिरवतोयस.

प्रितेश : लांबून फिरवत होतो. टच नाही केला तिला, शपथेवर सांगतो. पण जाळ्याची कड चाकात आली, जाळं खेचलं गेलं, तिचा पाय अडकला.

सलोनी : पडली?

प्रितेश : पडली. हातावर पडली. वाळूच होती खाली, मऊ. आणि गाडी तिथेच थांबली लगेच.

सलोनी : गाडी थांबली.

प्रितेश : हो ना. शाफ्ट तुटला, म्हणून थांबली.

सलोनी : ऐकतोयस ना स्वतःचं? शाफ्ट तुटला म्हणून थांबली. तू नाही थांबवलीस.

प्रितेश : अगं, एका सेकंदात झालं सगळं.

सलोनी : बोट काढलं असतंस तर शाफ्ट तुटलाच नसता. दोरा गुंडाळला गेला असता, चाक अडकलं असतं, तेवढंच. बाई पडताना तू दाबून धरलं होतंस.

प्रितेश : तू ना, उगाच पोलीस इन्स्पेक्टरसारखी...

सलोनी : आधी काय उचललंत? बाई की गाडी?

प्रितेश : सलोनी...

सलोनी : विचारतेय मी.

प्रितेश : गाडी. लाट येत होती. बॅटरीत पाणी गेलं असतं तर पेटली असती. ती उठली नंतर. तिकडच्या बायका आल्या तिच्या, त्यांनी उठवलं. आम्ही निघालो.

सलोनी : शूटिंग केलंत?

प्रितेश : कुणी?

सलोनी : ऑफिसची एवढी माणसं, रिसॉर्ट, साहेब, आणि कुणी फोन काढला नाही? दाखव.

प्रितेश : माझ्याकडे नाहीये.

सलोनी : ऑफिसच्या ग्रुपवर असेल. दाखव. माझे हात घाण आहेत, तूच धर समोर.

प्रितेश : बघून काय मिळणार तुला? बरं. हे घे.

सलोनी : आवाज?

प्रितेश : वारा आहे नुसता.

सलोनी : वाढव आवाज.

प्रितेश : घे, वाढवला.

सलोनी : 'चाची, भागो भागो' कोण म्हणतंय?

प्रितेश : आमच्या टीममधला एक आहे.

सलोनी : आणि हा? 'अब देखो, अब देखो'. हा आवाज कुणाचा?

प्रितेश : बंद करू?

सलोनी : हा तुझा आवाज आहे. मला क्षणभर ओळखूच आला नाही. आपल्या घरात तू असा कधी बोलत नाहीस. बंद कर. बंद कर ते.

प्रितेश : ऐक ना. तुला माहितेय मी ऑफिसात कसा असतो. मीटिंगला कोपऱ्यात. साहेबांना माझं आडनाव धड घेता येत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा सगळे माझ्याभोवती उभे होते. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला होता. मी थांबलो असतो तर... काय म्हणाले असते?

सलोनी : काय म्हणाले असते?

प्रितेश : माहीत नाही.

सलोनी : डबीतला नवा शाफ्ट दे. तो नको, तो पुढचा आहे, आखूड. हा. थोडं ग्रीस लाव दोन्ही टोकांना. लाव, लाव, बोटं खराब होऊ देत तुझी पण.

प्रितेश : म्हणजे बदलतेयस?

सलोनी : माझी गाडी आहे. माझी वस्तू मी अशी सडत ठेवणार नाही. कप धुतला दोनदा, तरी घाण येतेच आहे. धर हब. वर उचल. शाफ्टची गोटी बसली कपात? हलवून बघ.

प्रितेश : बसली.

सलोनी : पिन घालते. नट. झालं. चाक फिरतंय.

प्रितेश : रागावलीस ना खूप?

सलोनी : राग जातो रे. तासाभराने, दोन दिवसांनी, जातो. मला किळस आलीय. तू मघाशी माझ्या खांद्याला हात लावलास ना, मी स्टूलवरून उतरताना? तेव्हा मला काही माहीत नव्हतं. आता आठवलं तरी अंग चोरावंसं वाटतंय.

प्रितेश : असं नको ना बोलू.

सलोनी : त्या बाईचं नाव काय?

प्रितेश : मला कसं माहीत असणार?

सलोनी : हात मोडला की नाही, ते?

प्रितेश : नाही माहीत.

सलोनी : एवढे दिवस झाले. राजोडी काही परदेशात नाही.

प्रितेश : मी जाणार होतो. खरंच. पण जाऊन काय बोलणार? त्या बायका चार शिव्या घालतील, गाव गोळा होईल, कुणीतरी पुन्हा व्हिडिओ काढेल. ऑफिसपर्यंत गेलं तर नोकरीचं काय?

सलोनी : उद्या सकाळी जायचं.

प्रितेश : उद्या रेस आहे गासला.

सलोनी : मी आत जाऊन हात धुते आणि रुडॉल्फला फोन करते. सांगते त्याला काय झालं ते.

प्रितेश : त्याला कशाला मध्ये आणतेस? शाळेतला मित्र आहे तुझा, सगळ्या गावात होईल.

सलोनी : शेत त्याचं आहे. त्याच्या जमिनीवर गाडी कोण चालवतो, ते त्याला कळायला हवं. मग त्याने ठरवावं.

प्रितेश : आणि तू काय ठरवलंयस?

सलोनी : उद्या सकाळपर्यंतचं ठरवलंय. मी बरोबर येते. एकटा पाठवला, तर वाटेतून परत येशील.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, राजोडीच्या किनाऱ्यावर.)

सलोनी : मावशी, यमुनामावशी तुम्हीच का? तिकडच्या बायकांनी सांगितलं.

यमुना : मीच. सुकं म्हावरं पायजे काय गो? आज माज्याकडं काय नाय. हात बगतेस ना कसा गल्यात अडकवलाय.

सलोनी : घ्यायला नाही आलो, मावशी. हा माझा नवरा. गेल्या रविवारी ती रिमोटची गाडी तुमच्या जवळ्यातून गेली, ती हा चालवत होता. गाडी माझी होती.

यमुना : हा? उन्हात ये रे, उन्हात. सावलीत काय उभा ऱ्हातोस? तोंड बगू दे. हां, हाच. त्या दिशी टोपी होती डोक्याला.

प्रितेश : मावशी, मला माफ करा. माझ्या हातून फार मोठी...

यमुना : थांब. आल्या आल्या काय मागतोस? मी बोलू का आदी?

प्रितेश : बोला.

यमुना : ती गाडी पयली आली ना, तवा मी हसले. खरंच सांगते. पलीकडच्या शेजारनीला म्हनलं, बग गो, कसली उंदरावानी पलते. मना वाटलं कुना पोराचं खेलनं भरकटलं. मी हातानं जवला बाजूला सारला, त्याला वाट करून दिली. म्हनलं, जाऊ दे, पोर रडत असेल तिकडं. तर ती गेली, वलली, नि परत जवल्यावर आली. पुन्हा वाट केली. पुन्हा आली. तवा मना कललं, ह्याला वाट नको हाय.

सलोनी : ऐकतोयस?

प्रितेश : हो.

यमुना : मग मी वर बगितलं. म्हनलं पोर कुटं हाय? पोर कुटंच नाय. बापे उभे, मोठी मानसं. चांगले कपडे घातलेले, बूट घातलेले. तुज्या हातात ते यंत्र. बाकीचे मोप हसत होते. तू हसत नव्हतास. तू नेम धरल्यावानी बगत होतास. मना रात्री डोल्यासमोर तेच येतं. हसनारे नाय येत.

प्रितेश : मी थांबवायला हवी होती, मावशी.

यमुना : ते आता मना कशाला सांगतोस? मना म्हाईत हाय ते.

सलोनी : हाताला काय झालंय?

यमुना : हाड तडकलंय म्हनतो डॉक्टर. जड उचलायचं नाय, भाकरी थापायची नाय. सून हाय घरात म्हनून चाललंय. तो जवला सगला वालूनं भरला, कोंबड्यांना घातला. नि जालं. जालं कुनी कापलं रे?

प्रितेश : आमच्यातल्याच एकाने. मी सांगितलं कापायला.

यमुना : मी खाली पडलेली. मना वाटलं कापून माजा पाय सोडवतायत. मी म्हनलं, सावकाश रे, पोरा. त्यानं गाडी सोडवली नि गेला.

सलोनी : हे तू मला सांगितलं नाहीस.

प्रितेश : मला ऐकू नाही आलं ते. देवाशप्पथ, मला ती काही बोलली ते ऐकू आलं नव्हतं.

यमुना : ऐकू कसं येईल? तुजं कान गाडीकडं.

प्रितेश : मावशी, जे काही नुकसान झालं असेल, ते सगळं...

यमुना : ते दे. जवल्याचं नि जाल्याचं भरून दे. ते मी घेनार, सोडनार नाय. पन ते दिलंस म्हनून उद्या रस्त्यात दिसले तर मावशी म्हनून हाक मारू नको. आपली वलख नाय.

प्रितेश : बरं.

यमुना : नि ही तुजी बाईल आली म्हनून मी हलू बोलतेय. एकटा आला असतास तर आमच्या बायका होत्या.

सलोनी : त्यांना आम्ही वाटेत सांगितलं कोण आहोत ते. त्या बघतायत तिकडून.

यमुना : बगू दे. तुजं म्हायेर कुटलं गो?

सलोनी : गासचं. आमची वाडी आहे तिथे.

यमुना : गासची हाय? मग तुला कललं असेल नीट. बस इकडं, या टोपलीला टेकून. हे केस बग, सारके डोल्यात जातायत. सकाली सून बांधून देते, आज तिला बाजाराची घाई. एका हातानं काय होत नाय.

सलोनी : मी बांधू?

यमुना : हाताला तेल लागेल.

सलोनी : लागू दे. वळा इकडे जरा. अंबाडा घालू?

यमुना : घाल. खाली घाल, मानेवर. गच्च नको आवलू, त्या दिशी डोकंपन आपटलंय मागं. हां. असं. तुजा हात हलका हाय.

सलोनी : आकडा आहे का?

यमुना : पदराला खोचलाय, हा घे.

प्रितेश : मी... मी काही धरू का?

यमुना : तू काय धरशील? बाईमानूस केस बांधून घेतंय. तू तिकडं तोंड कर.